पहिला ऑपेरा कुठला आणि खुर्ची कुठली: माझा अनुभव

पहिला ऑपेरा निवडताना बहुतेक जण आधी नाव बघतात, मग तारीख, आणि तिकीट काढून झाल्यावर कधीतरी तो किती वाजता सुटतो ते. मी शेवटाकडून सुरुवात करते. थिएटरने दिलेल्या एकूण वेळेत मध्यंतरंही धरलेली असतात, त्यामुळे त्या आकड्यावरून फारसं कळत नाही. मला हवं असतं ते एवढंच की पडदा उघडल्यापासून पहिल्या मध्यंतरापर्यंत सलग किती मिनिटं बसायचं आहे. नवख्या माणसाला तीन तासांची संध्याकाळ सहज झेपते. परक्या भाषेतलं गाणं ऐकत आणि मान वर करून मंचावरच्या पाटीवरचं भाषांतर वाचत सलग दीड तास बसणं मात्र जड जातं.

ही फुटपट्टी लावली की नावाजलेल्या ऑपेरांचा क्रम बदलतो. संगीतकार बिझेचा ‘कारमेन’ (१८७५) सगळेच सुचवतात, कारण त्यातल्या दोन-तीन चाली आधीच कानावरून गेलेल्या असतात. पण पहिला अंक पन्नासेक मिनिटांचा, दुसरा चाळिशीच्या पुढचा, आणि पुष्कळ ठिकाणी त्या दोन्हींनंतरच काय ते एकमेव मध्यंतर. पुच्चीनीच्या ‘तोस्का’चे (१९००) अंक साधारण ४५, ४० आणि शेवटचा तिसाच्या आत. गोष्ट एका दिवसात घडते आणि कुठे रेंगाळत नाही, पण दुसऱ्या अंकात आतून छळाच्या किंकाळ्या येतात आणि समोर खून होतो, हे सोबत येणाऱ्याला आधी सांगून ठेवलेलं बरं. ‘ला बोएम’ (१८९६) हाही पुच्चीनीचाच. ३५ आणि २० मिनिटांचे पहिले दोन अंक बहुधा जोडून होतात, मग मध्यंतर, मग २५ आणि ३०. एका बैठकीत तासाभराच्या वर कुठेच जात नाही. म्हणून बहुतेक वेळा माझं बोट ‘बोएम’वरच थांबतं.

विनोदी ऑपेरा सोपा असेल ही समजूत सोडून द्या. मोझार्टचा ‘फिगारोचं लग्न’ (१७८६) अप्रतिम आहे, पण तो तीन तासांचा, चार अंकांचा, आणि त्यातली अर्धी गंमत हार्पसिकॉर्डच्या (पियानोसारखं जुनं वाद्य) साथीने झरझर म्हटलेल्या संवादांत असते. भाषांतराची पाटी त्या वेगाला पुरी पडत नाही. हशा ओळ गायली जाण्याआधी येतो नाहीतर नंतर. त्याचाच ‘जादूची बासरी’ (१७९१) मुलांबरोबर चालतो, मात्र त्यात गाण्यांच्या मधे जर्मन बोलीसंवाद आहेत. आणि जिच्यासाठी लोक येतात ती ‘रात्रीची राणी’ ही व्यक्तिरेखा दोन आरिया (एकट्याने गायची गाणी) मिळून दहा मिनिटंही गात नाही. त्यातली प्रसिद्ध आरिया दुसऱ्या अंकात आहे, म्हणून मध्यंतराला निघून जाऊ नका.

छोटा म्हणजे सोपा, असंही नाही. रिचर्ड स्ट्राउसचा ‘सालोमे’ (१९०५) पावणेदोन तासांत संपतो, पण मध्यंतर नाही, आणि शंभराच्या आसपास वादक अंगावर येतात. वाग्नरच्या ‘रिंग’ मालिकेतला सगळ्यात लहान ऑपेरा ‘दास राइनगोल्ड’ अडीच तासांचा, तोही सलग. वाग्नरसाठी पुढे आयुष्य पडलंय.

ऑपेरा ठरला की जाहिरातीतला बारीक मजकूर वाचायचा. ‘कॉन्सर्ट’ असं लिहिलं असेल तर नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. गायक ओळीने उभे राहून गाणार आणि वाद्यवृंद मंचावर बसणार. पहिल्या वेळेला तो प्रयोग टाळावा. एकाच ऑपेराचे दोन गायकसंच असतात, तेव्हा कुणासाठी जात असाल तर तारीख पुन्हा तपासा. मग उपशीर्षकं कुठल्या भाषेत आहेत ते बघा. १९८३ साली टोरोंटोत ‘एलेक्ट्रा’ या ऑपेराच्या वेळी मंचाच्या वर भाषांतर दाखवायला सुरुवात झाली, आणि आता जवळपास सगळीकडे ते असतं, पण कुठे मंचावरच्या पाटीवर, कुठे पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन आणि व्हिएन्नाच्या श्टाट्सओपर या ऑपेरा थिएटरांत प्रत्येकाला छोटा पडदा आणि भाषेची निवड मिळते. लहान शहरातल्या थिएटरात इटालियन ऑपेराला फक्त तिथल्या भाषेतली पाटी असू शकते. तसं असेल तर कथानक अंकवार वाचूनच जायचं. शेवट कळला म्हणून काही बिघडत नाही. ‘बोएम’ची नायिका मिमी मरणार हे तिथल्या निम्म्या लोकांना पाठ असतं.

आता खुर्ची. खरा घोळ इथे होतो, कारण सिनेमाची किंवा नाटकाची सवय ‘जितकं पुढे तितकं चांगलं’ असं सांगते. ऑपेरात गायकाला माइक नसतो. वाद्यवृंदाच्या आवाजाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास असतो आणि त्याच्या वर तो उतरत जातो. तयार गायकाच्या, विशेषतः टेनर आणि बॅरिटोन या पुरुषगायकांच्या, आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक जादा उंचवटा असतो. त्या फटीतून आवाज साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे येतो. पण एवढ्या वरच्या कंपनसंख्येचा आवाज दिशा धरून चालतो. गायकाचं तोंड जिकडे, तिकडे तो जातो. म्हणून बाजूच्या बॉक्समध्ये (भिंतीलगतच्या छोट्या कक्षात) बसलं की गायिका पलीकडे वळताच आवाजाची धार जाते आणि नुसता गर उरतो. खालच्या मजल्यावर मागे, बाल्कनीच्या छताखाली, तेच होतं. छताखालची जागा मागे जितकी खोल जाते, ते अंतर तिच्या पुढच्या उघड्या भागाच्या उंचीपेक्षा बरंच जास्त असेल तर वरून येणारा आवाज तिथवर पोचत नाही, आणि भाषांतराची पाटीही छताआड जाते. त्या ओळी महाग असतात, आणि मला त्या अजिबात पटत नाहीत.

अगदी पहिल्या दोन-तीन ओळींत गायकांचे चेहरे दिसतात, पण मधे पिट, म्हणजे वाद्यवृंद बसतो तो खड्डा, असतो. शेजारचं व्हायोलिन गाण्यापेक्षा मोठं ऐकू येतं, आणि पाटी वाचायला मान मोडते. उलट पिटमधला आवाज वर चढता चढता मिसळत जातो, त्यामुळे वरच्या मजल्यावर तो गायकाच्या आवाजाबरोबर एकजीव होऊन पोचतो. मी पहिल्या वेळेसाठी जागा शोधते ती वरच्या मजल्यांवर, मधल्या भागात, दुसऱ्या ते चौथ्या ओळीत. पहिली ओळ का नाही? पुष्कळ थिएटरांत कठड्याची दांडी बरोबर डोळ्यांसमोर येते. मग माणूस पुढे वाकतो आणि मागच्याचा मंच झाकतो. जुन्या थिएटरांत वरच्या मजल्यावर गुडघ्यांना जागा कमी असते, म्हणून उंच माणसाने कडेची खुर्ची घ्यावी, पण मधल्या भागातल्या कडेची, भिंतीलगतची नाही.

घोड्याच्या नालेच्या आकाराच्या थिएटरात बाजूला बसलात तर ज्या बाजूला तुम्ही, त्याच बाजूचा मंच दिसत नाही. किती फरक पडतो ते ‘बोएम’च्या शेवटच्या पाच मिनिटांत कळतं. मिमी पलंगावर आहे. तिची मैत्रीण म्युझेत्ता स्पिरिटच्या दिव्यावर औषध गरम करत प्रार्थना पुटपुटते आहे. मिमीचा प्रियकर रोडोल्फो खिडकीवर म्युझेत्ताचा झगा अडकवायला गेला आहे, मिमीच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. या मधल्या क्षणात मिमी जाते, आणि ते कुणी गाऊन सांगत नाही. वाद्यवृंद दबक्या स्वरात सांगतो. रोडोल्फोचा मित्र शोनार पलंगाशी जातो, थबकतो, दुसऱ्या मित्राच्या, मार्चेल्लोच्या, कानाशी बोलतो. रोडोल्फोला सगळ्यात शेवटी कळतं, आणि तेही इतरांच्या चेहऱ्यांवरून. पलंग आणि खिडकी हे दोन्ही एका नजरेत आले तरच हे जुळतं. दिग्दर्शकाने पलंग डाव्या कोपऱ्यात मांडला आणि तुमचं तिकीट डाव्या बॉक्सचं असलं, तर वाद्यांची सुरावट बदलली एवढंच कळेल.

तिकिटाच्या नकाशावर ‘मर्यादित दृश्य’ असं लिहिलेलं असतंच असं नाही. एकाच ओळीतल्या दोन शेजारच्या खुर्च्यांच्या किमती वेगळ्या असतील तर स्वस्त खुर्चीपुढे खांब, दिव्याचा सांगाडा किंवा कठड्याचा कोपरा आहे असं समजा. बॉक्सचं तिकीट असेल तर पुढची खुर्ची की मागची ते पाहा; मागच्या खुर्चीवरून पुष्कळदा उभं राहूनच मंच दिसतो. तब्येत ठणठणीत असेल तर व्हिएन्नात उभ्याने बघायची जागा उत्तम, तळमजल्यावर मधोमध.  पण तेही ‘बोएम’सारख्या आटोपशीर ऑपेरालाच.

वरून चेहरे लहान दिसतात, हे खरं. लंडनच्या कोव्हेंट गार्डनला सुमारे २,२०० खुर्च्या आहेत, तर मेट्रोपोलिटनला ३,८०० च्या घरात, म्हणजे दोन्हीकडची ‘सगळ्यात वरची’ ओळ सारखी नव्हे. शोभेची दुर्बीण तीनपट दाखवते. मोठ्या थिएटरात सातपट किंवा आठपटीची साधी दुर्बीण बरी, फक्त तिच्यात मंचाचा छोटासाच तुकडा मावतो. ‘बोएम’च्या दुसऱ्या अंकात, कॅफे मोम्युसबाहेर, फेरीवाले, मुलं, सैनिक सगळे एकदम मंचावर येतात, तेव्हा ती खाली ठेवावी. वरच्या मजल्यावरच्या स्वस्त तिकिटाला ही गर्दी जशी उलगडून दिसते, तशी स्टॉल्समधल्या (तळमजल्यावरच्या) महागड्या खुर्चीला दिसत नाही. तिथे पुढच्या माणसांची पाठ दिसते.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं. पडदा उघडल्यावर आलेल्यांना बहुतेक थिएटरं मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवतात, आणि ‘बोएम’ला तर ओव्हर्चरही (सुरुवातीचं नुसतं वाद्यसंगीत) नाही: थोडा वेळ वाद्यं, की मार्चेल्लो गायला लागलाच.