डब्यातलं नाणं वाजत नाही : आमची वाटचाल

एक गोणपाट, सोनाराचा छोटा तराजू आणि एक भिंग, एवढ्या भांडवलावर आमचा जुन्या नाण्यांचा धंदा उभा राहिला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, खडकीच्या एका कारखान्यात कामाला होते. रविवारची सुट्टी ते पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात काढायचे. शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, राणीछाप रुपये असा माल भंगारवाल्यांकडून किलोवर उचलायचा, आठवडाभर घरी निवडायचा आणि पुढच्या रविवारी मांडायचा.

१९९८ साली मी लग्न होऊन आले. बी.कॉम. झाले होते, पण नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. अण्णांनी पहिला धडा दिला तो रुपया पाहण्याच्या क्रमाचा. आधी बोटाच्या टोकावर तोलून वाजवायचा. मग वजन. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळाभर. मग कड. चेहरा सगळ्यात शेवटी. "चेहऱ्याला सगळेच बघतात. चोर कडेला बसतो," असं ते म्हणायचे. आपल्याकडे रुपया गळ्यात घालायची रीत. वर कडी डाखवायची, माळेत ओवायचा. पुढे संग्राहक चार पैसे जास्त देऊ लागले तशा कड्या निघाल्या, टाक्याची, म्हणजे डाख दिलेली, जागा कानशीने घासली गेली आणि तेच रुपये 'कोरे' म्हणून बाजारात आले. चिंच-राखुंडीने घासून चकाकवलेल्या नाण्यांचं तर विचारूच नका.

२००१ मध्ये पेठेत एक खोली भाड्याने घेतली, पाटी लावली. दहा-बारा वर्षं ठीक चाललं. खरा बदल झाला तो फोनवरून विक्री सुरू झाल्यावर. नागपूरच्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "ग्रेडेड आहे का?" नाणं परदेशातल्या ग्रेडिंग कंपनीने तपासलेलं असतं. १ ते ७० मध्ये गुण, चिठ्ठीवर क्रमांक आणि सगळं प्लॅस्टिकच्या बंद डबीत. तिला धंद्यात स्लॅब म्हणतात. ही मोजपट्टी मुळात शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. आज आपला रुपयाही तिच्यावरच मोजला जातो.

मला स्लॅब फार आवडला, खोटं कशाला सांगू. घासाघीस संपली. "वहिनी, हे पॉलिश केलेलं नाही ना?" ही रोजची उलटतपासणी संपली. दुर्मिळ १९३९ चा रुपया असला तर स्लॅबशिवाय मी हातच लावत नसे, कारण १९३८ मधल्या ८ चा ९ करणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत. अण्णा मात्र डबी कानाशी नेऊन हलवायचे आणि परत ठेवायचे. "डब्यातलं नाणं वाजत नाही," एवढंच. म्हाताऱ्या माणसाचा हेका, असं मी धरून चालले.

मग तो १९११ चा रुपया आला. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, मोठी ओरड झाली, सरकारने नाणं मागे घेतलं आणि १९१२ मध्ये हत्ती नीट सोंडेसकट काढला, तोच हा रुपया. परदेशातल्या लिलावातून स्लॅबसकट आलेला, गुण ६३. म्हणजे न वापरलेला. इस्लामपूरच्या एका काकांना मी तो ४८,००० रुपयांना विकला.

तीन आठवड्यांनी काका स्वतः एसटीने पुण्याला आले. आवाज चढवला नाही. डबी काउंटरवर ठेवली, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि मुकुटाच्या बरोबर वर, जिथे प्लॅस्टिकचं कडं नाण्याला धरून असतं, तिथे नख टेकवलं. तांदळाच्या दाण्याएवढी करडी जागा. "हा टाका आहे, वहिनी. चाळीस वर्षं सोनारकाम केलंय, दुसरं काय ओळखणार मी?"

मी भिंग लावलं. होताच टाका.

कडी काढलेल्या नाण्याला गुण देत नाहीत. दोष लिहून वेगळी चिठ्ठी लावतात, हा त्या कंपन्यांचाच नियम. तिथे एकाहून जास्त तपासनीस प्रत्येक नाणं पाहतात, पण दिवसभरात ढिगाने नाणी हाताखालून जातात आणि एका नाण्याच्या वाट्याला काही सेकंद येतात. त्यात हे निसटलं. आणि डबीत गेल्यावर तर कड झाकलीच जाते. निसटलेला दोष त्यांच्याच डबीने लपवला.

मी कंपनीला फोटोंसकट पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. हमी आहे, नाणं पाठवा, पाहतो. इथे आमची गाडी रुतली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. १९३९ चा रुपया तपासणीला जाऊ शकतो, १९११ चा नाही. हमी खरी, पण ती समुद्रापलीकडे. हे मला आधी सुचायला हवं होतं. कायदा मला माहीत होता. माल येताना मात्र त्याचा विचार केला नाही, कारण येताना काही अडलं नाही.

काकांना पूर्ण पैसे परत दिले. त्या महिन्यात भाडं उशिरा गेलं. काकांनी पैसे मोजून खिशात घातले आणि विचारलं, "आता हे तुमचंच ना? मग फोडू या का?" अण्णा आतून पक्कड घेऊनच आले. दोघं म्हातारे शाळकरी पोरांसारखे डबीवर वाकले होते. नाणं बाहेर आलं, अण्णांनी वाजवलं. नाद खणखणीत, वजन बरोबर, चांदी अस्सल. पण कडेचे दाते एका ठिकाणी कानशीने साफ झालेले. हातात धरलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला कळलं असतं.

अण्णांना मी वाकून नमस्कार वगैरे केला नाही. त्यांनीही एकदा ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली नकली, शिवराई खरी म्हणून घेतली होती. बारीक टाचणीची भोकं आणि गुळगुळीत झालेलं 'छत्रपति' त्यांना आठ दिवसांनी दिसलं. ती अजून गल्ल्यात आहे, मी मधूनमधून काढून दाखवते. ते हसत नाहीत.

आम्ही स्लॅब विकणं बंद केलेलं नाही. गिऱ्हाईक मागतं, आणि शंभरातली बहुतेक नाणी चिठ्ठीप्रमाणेच निघतात. पण आता गुणाचा आकडा आमच्या बिलावर येत नाही, तो चिठ्ठीवर आहेच. बिलावर येतं ते आम्ही स्वतः पाहिलेलं: नाद, वजन, कड, चेहरा, अण्णांच्याच क्रमाने. स्लॅब असेल तर पहिल्या तीन ओळींपुढे लिहितो, 'पाहता आलं नाही'. सहा महिन्यांत टाका निघाला तर पैसे परत, हेही खाली शिक्क्याने उमटवतो. परवा एका तरुणाने ते बिल वाचून नाणं परत ठेवलं आणि निघून गेला. मुलगा म्हणाला, आई, त्या तीन ओळी गाळू या. मी शिक्का त्याच्याच हातात दिला, कारण पुढचं बिल इस्लामपूरच्या काकांचं होतं. त्यांना १९१२ चा हवा होता, डबीशिवायचा.