कोथरूडचं घर विकायला काढलं तेव्हा

पहिलं गिऱ्हाईक आलं ते २०२४च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी. नवरा-बायको आणि त्याची आई. दारामागे चपलांचं कपाट आणि त्यावर छत्र्या, त्यामुळे दार अर्धंच उघडायचं. तिघं एकेक करून अंग चोरत आत आले. हॉलचे पडदे ओढलेले होते, कारण माझ्या आईला दुपारचं ऊन टीव्हीवर आलेलं चालत नाही. आतल्या खोलीत त्या सुनेने पलंगामागच्या भिंतीवर सहज तळवा टेकला आणि काढून पाहिला. बोटांना पांढरी भुकटी लागली होती. ती काही बोलली नाही, ओढणीला हात पुसला आणि बाहेर आली. दहा मिनिटांत सगळे निघून गेले. आई स्वयंपाकघरातून आली तर हॉल रिकामा. म्हणाली, "अगं, चहा टाकला होता मी."

आमचं हे घर पुण्यात पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. बाबांनी १९८९ साली घेतलेलं. दोन बेडरूम, तिसरा मजला, वर थेट गच्ची, लिफ्ट नाही. पायऱ्या ५४. हा आकडा आईला पाठ आहे, कारण गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्या मोजत चढते. बाबा २०२३ मध्ये गेले आणि वर्षभराने आईनेच सांगितलं की आता हे घर काढूया, मी तुझ्याकडे सिंहगड रस्त्याला येते. निर्णय तिचा होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कारण पुढच्या सहा महिन्यांत तो निर्णय तिने रोज नव्याने घेतला.

त्या रविवारनंतर मी एका एजंट काकांना बोलावलं. आधी त्यांचा महारेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागून घेतला, तो त्यांनी लगेच दिला. त्यांनी घरभर एक फेरी मारली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, घर चांगलं आहे. पण आत्ता इथे आलेल्या माणसाला तुमचा संसार दिसतोय, घर दिसत नाहीये." मला ते लागलं. पण त्या रात्री मी हॉलच्या मधोमध उभी राहून पाहिलं. पस्तीस वर्षांचं सामान भिंतींना चिकटून आत-आत आलं होतं. खोलीची जमीन जेमतेम चटईएवढी उरली होती.

सुरुवात माळ्यापासून केली. स्वयंपाकघरावरचा माळा गेली पंधरा वर्षं कोणी पूर्ण रिकामा केला नव्हता. तांब्याचा बंब, घंगाळ, गणपतीचं थर्माकोलचं मखर, माझी दहावीची गाइडं, भावाची मोडकी कॅरम, लग्नात आलेले आणि कागदातून कधीच न निघालेले स्टीलचे डबे. आई खाली स्टुलावर बसून प्रत्येक वस्तू हातात घ्यायची. पहिल्या दिवशी पाच तासांत आम्ही फक्त दोन पोती बाहेर काढली. मी वैतागले, आवाज चढवला. नंतर मलाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं की रोज फक्त दोन तास, आणि आईने वस्तूची गोष्ट सांगायची. गोष्ट सांगून झाली की बहुतेक वेळा ती वस्तू सोडायला तयार व्हायची. बंब आणि घंगाळ मोडीत गेलं, रद्दी रद्दीवाल्याकडे, साड्या दोन ओळखीच्या घरी. पाटा-वरवंटा मात्र माझ्याकडे आला. तो कुठे ठेवायचा हे मला अजून सुचलेलं नाही, पण तो येणारच होता.

त्या माळ्यावरच बाबांची निळी फाइल सापडली. तिच्यात बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती आणि सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) होतं. यासाठी मी महिनाभर बँकेचा लॉकर आणि कपाटं धुंडाळत होते. शेवटी एक आलेखाचा कागद होता. बाबांनी १९९० मध्ये बाथरूमचं काम करून घेतलं तेव्हा भिंतीतल्या पाइपांचा नकाशा काढून ठेवला होता. कुठून पाइप वळतो, जमिनीपासून किती इंच, कोपर कुठे आहे, सगळं पेन्सिलने.

ओल त्याच भिंतीला होती. बाथरूम आणि बेडरूमच्या मधली. खालून तीन फूट उंचीपर्यंत लोणा लागलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले. पहिल्या रंगाऱ्याने सांगितलं, "खरवडून पुट्टी भरतो, दोन हात रंग मारतो, तीन महिने काही दिसणार नाही. तोपर्यंत विकून मोकळे व्हा." बंगळूरहून भाऊसुद्धा फोनवर म्हणाला की विकायचंच आहे तर खर्च कशाला? माझं उत्तर तयार नव्हतं. आई मात्र पलीकडून म्हणाली, "पावसात त्या पोरांच्या पलंगामागे परत येईल ते. शिव्या कोणाला बसतील? ह्यांना." ह्यांना म्हणजे बाबांना. विषय तिथे संपला.

प्लंबरदादांनी बाबांचा कागद भिंतीला लावून पाहिला आणि म्हणाले, असं कोणी करून ठेवत नाही हो. पाइप जुने लोखंडी, गंजलेले. कोपराच्या जागीच बारीक गळती होती. कागदावरून जागा कळली म्हणून सहा टाइल्स काढून भागलं, नाहीतर अख्खी भिंत फोडावी लागली असती. नवीन सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लॅस्टिकचे) पाइप टाकले, नाहणीभोवतीचे सांधे पुन्हा भरले, मग बाहेर जाणारी तोंडं बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवलं. बेडरूमच्या बाजूने भिंत कोरडी राहिली तेव्हा सुटकेचा श्वास घेतला. तरी लगेच रंग द्यायचा नव्हता. भिजलेलं प्लास्टर ठोकून काढलं, नवीन केलं आणि चार आठवडे भिंत तशीच उघडी ठेवली, पंखा लावून. घाईने रंग दिला असता तर आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि फुगे येतात. हे चार आठवडे मला फार जड गेले. जानेवारीचं कोरडं हवामान होतं म्हणून चारात झालं.

या कामाचे सगळे फोटो मी काढून ठेवले. गंजलेला पाइप, उघडी भिंत, नवा पाइप. प्लंबरचं बिलही.

फरशी मोझॅकची आहे, त्या काळच्या सगळ्या घरांत असते तशी. वर नवीन टाइल्स टाका असं तिघांनी सुचवलं. मी मोझॅक पॉलिश करून घेतलं आणि तो माझ्या मते सगळ्यांत चांगला गेलेला पैसा. मशिनला आधी जाडा दगड, मग बारीक. तीन दिवस घरभर पांढरी राड. चौथ्या दिवशी पुसून पाहिलं तर त्या फरशीत काळे, तपकिरी, हिरवट खडे होते. मी त्या घरात वाढले आणि ते हिरवट खडे मला माहीत नव्हते. एक चूक इथे झाली: मी हॉलला रंगाचा शेवटचा हात आधी देऊन बसले होते. पॉलिशची राड भिंतीवर दोन फूट उडाली आणि तेवढा पट्टा परत रंगवावा लागला. फरशी आधी, शेवटचा हात नंतर.

रंग सगळीकडे एकच, मोतिया पांढरा. बाबांनी हॉल पिस्ता आणि आतली खोली गुलाबी ठेवली होती. ते रंग जाताना आईने एका कोपऱ्यातला पापुद्रा काढून घेतला, कशाला ते मी विचारलं नाही. जड पडदे काढले, खिडक्यांच्या जाळ्या काढून धुतल्या, पिवळ्या पडलेल्या ट्यूब बदलून एलईडी लावल्या. दारामागचं कपाट गेलं आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडायला लागलं. एवढ्या एका गोष्टीने हॉल दीडपट वाटतो, हे पाहिल्याशिवाय पटणार नाही.

स्वयंपाकघराला मात्र हात लावला नाही. कडप्प्याचा ओटा घासून काढला, एक्झॉस्ट फॅनची चिकटी गरम पाणी आणि सोड्याने काढली, बस. घेणारा माणूस स्वयंपाकघर आपल्या मनासारखंच करणार, त्यात आपली आवड आणि आपले दोन लाख घालण्यात अर्थ नाही. गळती, फरशी, रंग, दिवे मिळून आमचे १ लाख ४० हजार गेले.

घर पूर्ण रिकामं केलं नाही. रिकाम्या खोलीत माणसाला अंदाज येत नाही. एक पलंग, चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आणि हॉलमध्ये दिवाण ठेवला. देवघराबद्दल आई ठाम होती. बाकीचे देव माझ्याकडे आले, पण अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच राहिले, आणि मला ते बरोबर वाटलं. फक्त कोणी यायच्या आधी उदबत्ती लावायची नाही असं ठरवलं. दाटून राहिलेल्या वासाने माणसाला शंका येते की हे काहीतरी झाकतायत. त्याऐवजी अर्धा तास आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या.

मधल्या काळात कागदांचं काम झालं. भागपत्रावर आईचं नामांकन होतं, म्हणून आम्हाला वाटत होतं की घर तिचंच झालं. वकिलांनी समजावलं की नामांकनाने मालकी मिळत नाही, वारस आम्ही तिघंही आहोत. नाताळच्या सुट्टीत भाऊ आला आणि आम्ही दोघांनी दुय्यम निबंधकांकडे आईच्या नावे हक्कसोडपत्र, म्हणजे आमचा वाटा तिला सोडल्याचा दस्त, नोंदवलं. अंगठा लावताना आई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मग सोसायटीत भागपत्र तिच्या नावावर करून घेतलं. सेक्रेटरींकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणि संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीचा, अहवाल घेतला. तीस वर्षांपुढच्या इमारतीला दर तीन वर्षांनी ही तपासणी करायची असते, आणि कर्ज देणारी बँक अहवाल मागतेच. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन आणि इमारत कायद्याने सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं आहे का, हा प्रश्न तर प्रत्येकाने विचारला, कारण आता सगळे पुनर्विकासाचा विचार करून जुनं घर घेतात. आमचं झालेलं होतं. सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये लावून ती टेबलावर ठेवली. मूळ कागद माझ्या घरी.

जाहिरातीतले फोटो मी सकाळी साडेआठला काढले, कारण तेव्हा पूर्वेचं ऊन हॉलभर असतं. मजकुरात कार्पेट क्षेत्रफळ, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, लिहिलं, स्वतः टेपने मोजून. करारनाम्यात बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी धरून, होतं आणि तो आकडा मोठा दिसतो, पण घरात आलेल्या माणसाला पायाखालची जमीनच कळते. "तिसरा मजला, वर गच्ची, लिफ्ट नाही" हेही ठळक लिहिलं. काकांना ते आवडलं नाही. फोन कमी आले हे खरं, पण जे वर आले ते धापा टाकत रागावून आले नाहीत.

गुढीपाडवा ३० मार्चला होता. त्या दिवशी आईने रिकाम्या गॅलरीत शेवटची गुढी उभारली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही घर दाखवायला लागलो, फक्त सकाळी. दुपारनंतर रस्त्याचा आवाज वर येतो. तेही विचारणाऱ्याला सांगायचो, संध्याकाळी एकदा येऊन ऐका म्हणायचो.

एकूण चौदा कुटुंबं आली. एकाने लिफ्ट नाही म्हणून थेट आठ लाख कमी सांगितले. एक गृहस्थ फाइल तासभर वाचत बसले आणि परत फोनच केला नाही. त्यात एक शाळेत शिकवणारी मुलगी आणि तिचा नवरा होते. तिनेही त्याच भिंतीवर हात ठेवला. मी काही विचारायच्या आत फोटो काढून दाखवले: इथे गळती होती, हा पाइप, हे बिल. तिने सगळे फोटो मोठे करून पाहिले. मग म्हणाली, "गच्चीचं काय? आम्ही पावसात एकदा येऊन बघू का?"

त्या वर्षी पावसाने वाट बघायला लावली नाही. मे महिनाभर झोडपत होता आणि २६ मेला तर पुण्यात मोसमी पाऊस दाखलसुद्धा झाला. त्याच आठवड्यात, धो धो पावसात, ती दोघं भिजत ५४ पायऱ्या चढून आली. नवऱ्याने स्टुलावर चढून प्रत्येक खोलीच्या छताचे कोपरे पाहिले. मी श्वास रोखून उभी होते, कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीचं, माझ्या हातात काही नव्हतं. सगळं कोरडं होतं. आईने चहा टाकला आणि या वेळी तो प्यायला गेला.

भाव ठरताना आम्ही दोन लाख उतरलो. ती मुलगी कर्ज एकटीच्या नावावर काढणार होती आणि खरेदीही तिच्या एकटीच्या नावावर, त्यामुळे मुद्रांक शुल्कात तिला एक टक्क्याची सवलत मिळाली. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क नियमाप्रमाणे २५ हजारांच्या वर घेता येत नाही, ते निम्मं-निम्मं भरलं. जूनअखेर नोंदणी झाली.

किल्ल्या द्यायला आई स्वतः आली. बाबांचा आलेखाचा कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्या मुलीला दिला, नवे पाइप लाल पेनाने त्यावर काढून. तिने तो नीट फाइलमध्ये ठेवला. आई तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. मला बाहेरून ऐकू येत होतं. "हे बघ, हा नळ डावीकडे जरा जोर लावून बंद करायचा. आणि गुरुवारी कधी कधी पाणी येत नाही, कॉर्पोरेशनची कामं असतात. बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवत जा."