सत्र शनिवारी ठेवायचं नाही

आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी सुरक्षितता आणि नातेसंबंध या विषयावरची सत्रं आम्ही दोघी घेतो. शाळेकडून फोन येतो तो बहुतेक असा: "मॅडम, शनिवारी सकाळची शाळा आहे, तासभर येऊन मुलींना गुड टच-बॅड टच सांगून जा." या एका वाक्यातल्या चार गोष्टी बदलून घेण्यातच पहिला आठवडा जातो.

शनिवार नको. ज्याला काही सांगायचं असतं ते मूल सत्र संपल्यावर दप्तर भरायला उगाच वेळ लावतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी येतं. शनिवारी शाळा सुटली की ते रविवारभर त्याच घरात, कधीकधी त्याच माणसासोबत. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा याच कारणाने बाद. आम्ही सोमवार-मंगळवार मागतो आणि बुधवारी दोघींपैकी एक शाळेत थांबते. तासभरही नको, दोन आठवड्यांत चार तासिका हव्यात. फक्त मुलीही नकोत. पॉक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२) 'बालक' म्हणजे १८ वर्षांखालची कोणीही व्यक्ती, त्यात मुलगे आलेच. शिवाय मुलींनी सावध राहायचं आणि मुलग्यांनी मैदानावर खेळायचं, यात शिकवण्यासारखं काय उरतं?

चौथी गोष्ट गुड-बॅडची. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. तो गुदगुल्या करतो, खाऊ आणतो, मोबाईल खेळायला देतो. तो स्पर्श मुलाला 'बॅड' वाटतोच असं नाही, आणि मग मूल समजतं की चूक आपलीच. म्हणून आम्ही तीन प्रश्न देतो. खाजगी अवयवांचा संबंध आला का? आजारपण किंवा स्वच्छतेसारखं खरं कारण होतं का? कोणाला सांगू नकोस असं बजावलं का? यातला तिसरा सगळ्यात कामाचा. वाढदिवसाच्या गुपिताला संपायची तारीख असते, या गुपिताला नसते. हे सहावीतल्या मुलालाही लगेच पटतं. "नाही म्हण, पळ, सांग" हे मात्र आम्ही जपून वापरतो. भीतीने अंग गोठून जातं, तोंडातून शब्द फुटत नाही. तसं झालं तरी दोष मुलाचा नाही, हे त्याच दमात सांगावं लागतं.

अवयवांची नावं पहिल्याच तासिकेत फळ्यावर लिहायची: शिश्न, वृषण, योनी, स्तन, गुदद्वार. पाच मिनिटं हशा होतो, होऊ द्यायचा. "तिकडे हात लावला" एवढंच मूल बोललं तर पुढे जबाबात घोटाळा होतो, म्हणून ही नावं हवीत. ती फळ्यावर येण्याआधी पालकसभेत सगळं साहित्य दाखवून घ्यायचं. न दाखवता सुरू केलेला वर्ग दुसऱ्या तासिकेला बंद पडतो.

तिसरी तासिका नात्यांची. इथे भाषण चालत नाही, प्रसंग लागतात. "माझ्यावर विश्वास असेल तर इन्स्टाचा पासवर्ड दे." वर्गाने हात वर करून मत द्यायचं. बरेच हात 'द्यावा' म्हणतात. मग विचारायचं, दिला नाही तर तो किंवा ती काय करेल? रुसेल, स्टेटस टाकेल, हाताला ब्लेड लावीन म्हणेल. ही उत्तरं फळ्यावर लिहिली की विश्वास कुठे आणि धाक कुठे, हे मुलंच वेगळं काढतात. दुसऱ्या प्रसंगात नकार मिळालेल्याची भूमिका करायची असते. नाही कसं म्हणावं हे सगळे शिकवतात. नाही ऐकल्यावर संध्याकाळी मित्रांच्या घोळक्यात काय बोलायचं, हे कोणी शिकवत नाही. मुलग्यांचा खरा पेच तिथेच असतो.

चौथ्या तासिकेत नग्न फोटो आणि ते पसरवण्याच्या धमक्या. पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही. आधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवायची, मग ब्लॉक. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आपला फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही १८ वर्षांखालच्यांसाठीची सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो. शिक्षकांची एक चूक हमखास होते: "पुरावा म्हणून मला पाठव." मुलाचा तसा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे.

प्रत्येक तासिकेच्या शेवटी चिठ्ठ्या. सगळ्यांना सारखा कागद. प्रश्न नसेल त्याने आवडती भाजी लिहायची, म्हणजे कोणाचं पेन हललं हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यायच्या नाहीत, ते अक्षर ओळखतात.

कोणी सांगायला लागलं की गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. ऐकलेलं काही वेळा पुढे कळवावंच लागतं, हे पहिल्याच तासिकेत सांगून ठेवायचं. सोळा-सतरा वर्षांच्या जोडीलाही हे लागू आहे, कारण १८ खालची संमती कायदा मानत नाही. ऐकताना "का गेलीस?" नाही, "मग काय झालं?" एवढंच. नोंदीत मुलाचेच शब्द, तारीख, वेळ आणि आपली सही. पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, संशयिताला बोलावून तर मुळीच विचारायचं नाही. "आधी आपण चौकशी करू" इथेच शाळा घसरतात. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती पोलिसांना द्यावीच लागते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर वर्षभरापर्यंत. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करून सोबतही मिळते. जबाबाला मुलाने ठाण्यात जायची गरज नसते. शक्यतो महिला अधिकारी, साध्या वेशात, मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे येते. हे माहीत असलं की मुख्याध्यापकांचा निम्मा धीर परत येतो.

बुधवारी बसायची जागाही ठरलेली असावी: बाहेरून दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी, बहुधा वाचनालयाचा कोपरा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये कोणी येत नाही. पुस्तक परत करायला मात्र कोणीही येऊ शकतं.