घर इथं, शिरगणती तिथं

मागे वारसनोंदीसाठी तलाठी ऑफिसला खेपा घालत होतो. आजोबांच्या नावची जमीन, तुकडा एवढासा, पण सातबाऱ्यावर आता एकोणीस नावं लागणार. त्यातली गावात राहणारी तीन. बाकीची विरार, डोंबिवली, एक काकी बडोद्याला. सगळ्यांचे कागद आणि सह्या गोळा करता करता दोन गणपती गेले. तिथल्या बाकावर बसून बसून एक गोष्ट डोक्यात पक्की झाली, आमचा सिंधुदुर्ग जनगणनेत जेवढा लहान दिसतो तेवढा लहान तो नाहीच.

२००१ ला जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ ला ८,४९,६५१. दहा वर्षांत १९ हजार कमी, आणि राज्यात सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हा आमचाच. शेजारच्या रत्नागिरीचीही त्याच काळात घट झाली. वर हजार पुरुषांमागे १०३६ बायका, हे लोक कौतुकानं सांगतात, मला ते वाचून बरं वाटत नाही. कारण लहान मुलांत बघितलं तर मुलींचं प्रमाण हजाराच्या खालीच आहे. म्हणजे बायका जास्त झाल्या नाहीत, कर्ते पुरुष मुंबई-पुणे-गोव्याला गेले आणि मागे आई, आजी, काकी राहिल्या.

१ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला ते फार बरं झालं, नाहीतर सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर ऑफिसच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागायची. आता मुख्यालय ओरोसला. तालुके आठ, त्यातला दोडामार्ग नंतर झालेला. पण तिथली माणसं आजारपणाला ओरोसपेक्षा गोव्यात म्हापसा-बांबोळीलाच जाणार, जवळ आणि सवयीचं ते.

खरी अडचण आहे मोजमापाची. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर आणि चौरस किलोमीटरला माणसं १६३, राज्याची सरासरी ३६५ असताना. त्यात आमचं गाव म्हणजे एका जागी वस्ती नव्हे, वाड्या. एक वाडी व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या अलीकडं, दुसरी डोंगराच्या पलीकडं, मध्ये काजू आणि कातळ. बारा घरांना पाणी द्यायचं तरी पाईप दोन किलोमीटर टाकावाच लागतो, लाईटचे खांबही तेवढेच. पण निकष सगळे डोक्यावर. ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर, शिक्षक पटावर, प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीला ३० हजारांमागे एक आणि डोंगरी भागात २० हजारांमागे. डोंगरी भागाला सवलत आहे हे मान्य, पण माणसं कमी झाली म्हणून रस्ता आखूड होत नाही ना, म्हाताऱ्या माणसाला तेवढंच अंतर जायचं असतं आणि आता सोबत न्यायला घरात पोरगाही नसतो.

आणि गणपतीत बघा. चाकरमानी आले की वाडी भरून जाते, विहीर उपसते, दवाखान्यात रांग, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. जनगणना मात्र होते फेब्रुवारीत, तेव्हा ही सगळी माणसं मुंबईत मोजली जातात. माणूस राहतो तिथंच मोजायचा हे बरोबरच आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण त्यांची घरपट्टी इथं, सातबारा इथं, फेरफार इथं, भावकीच्या वाटपाचे दावेसुद्धा इथल्याच कोर्टात. म्हणजे काम आहे पण माणूस हिशोबात नाही. त्या तलाठ्याकडं आमच्या गावासकट आणखी दोन गावं होती, माणूस चांगला, पण एकटा किती पुरणार.

मला वाटतं निधी आणि माणसं देताना डोक्यांबरोबर अंतर आणि सातबाऱ्यावरची खाती पण धरायला हवीत. खाती किती ते तर महसूल खात्याकडं आधीच कॉम्प्युटरवर आहे, नवीन सर्वे पण नको.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या हिशोबानं आहे. आमच्या वाडीत घरं अकरा. आज चुली पेटतात चार घरांत, आणि बाकीच्या सात घरांच्या चाव्या आमच्या आईकडं खुंटीला टांगलेल्या आहेत.