ती बघ मोहरी!

कॅलिफोर्नियातलं लसणासाठी प्रसिद्ध गिलरॉय गाव आलं की गाडीची काच खाली करायची, हा आमच्या घरचा नियम. लसणाचा वास भपकन आत आला. आई म्हणाली, "कुणीतरी फोडणी दिली वाटतं." पुढे कॅस्ट्रोव्हिलची आर्टिचोकची (कळीची भाजी करतात ते काटेरी झाड) शेतं आणि मग मॉन्टेरेच्या खाडीवरचं गारठवणारं धुकं.

निघालो होतो फोर्ट ऑर्डला. १९१७ ते १९९४ इथे लष्कराचा तळ होता. २०१२ मध्ये त्यातला बराच भाग 'राष्ट्रीय स्मारक' म्हणून जाहीर झाला. स्मारक म्हटल्यावर आई पुतळा शोधू लागली. पुतळा कुठला! इथे जपलेल्या निसर्गालाही स्मारक म्हणतात. जुन्या वाळूच्या टेकड्या आणि त्यावर चॅपरल, म्हणजे कडक पानांची, एकमेकांत गुंतलेली झुडपं. वाळूत पाणी ठरत नाही, उन्हाळाभर पाऊस नाही. धुक्याचा तेवढा आधार. पायवाट सोडायची नाही, कारण काही भागांत न फुटलेले तोफगोळे अजून जमिनीत आहेत. तशा पाट्याच आहेत. (मला भीती पॉयझन ओकची, नुसतं लागलं तरी खाज सुटते त्या झुडपाची. मागच्या वर्षी पंधरा दिवस खाजवत होतो.)

मला बघायचं होतं कोस्ट वॉलफ्लॉवर नावाचं रानफूल, शास्त्रीय नाव एरिसिमम अमोफिलम. अमोफिलम म्हणजे वाळूवेडं. तासभर मी फोनमधला फोटो प्रत्येक पिवळ्या फुलाशी ताडून बघत होतो. बुटांत वाळूच वाळू. आई मागून म्हणाली, "अरे, ती बघ मोहरी!"

तेच होतं. कूळ मोहरीचंच! अधिकच्या चिन्हासारख्या चार पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब, दोन आखूड. हळदीच्या रंगाचा गुच्छ, खाली बारीक लांब शेंगा. आईला फोटो लागलाच नाही.

हे फूल फक्त कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, तेही तुटक तुटक जागी. बाकीच्या वाळूवर घरं आली, रस्ते आले, आणि वाळू धरून ठेवायला लावलेलं दक्षिण आफ्रिकेचं आइस प्लांट पसरलं. इथली जागा तोफांच्या सरावामुळे मोकळी राहिली, हे कबूल करताना जरा जड जातं.

"देवाला एकच घेते," आईचा हात पुढे झालाच.

"आई, नको. मोजकीच उरलीत."

"बी तरी?"

"बीसुद्धा नाही."

परतताना गिलरॉयला तिनेच काच खाली केली.