बेडूक, डेक्सा आणि तीन मिलिग्रॅमची गोळी

पहिल्या पावसाचे बेडूक आमच्याकडे रात्रभर कल्ला करतात. त्या वर्षी तो कल्ला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. आमचं घर फोंडा तालुक्यात, मागच्या दाराला लागूनच भाताचं शेत. रात्री दोन वाजता खिडकीशी उभी राहिले की शेतात बॅटऱ्या हलताना दिसायच्या. बेडूक धरणारे. कायद्याने बंदी आहे, पण पावसाळ्यात कुठे ना कुठे ते शिजतातच. मी बॅटऱ्या मोजायची, आणि डोक्यात पहिलीच्या वर्गाची हजेरी, भजनाची चाल, गॅस सिलिंडर कधी संपेल, सगळं एकाच वेळी चालू.

मे महिन्यात डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. वय सत्तेचाळीस, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मग बांबोळीला किमो सुरू झाली. (आमच्याकडे 'बांबोळीला जातो' म्हटलं की गोवा मेडिकल कॉलेज हे वेगळं सांगावं लागत नाही.) आधी चार वेळा ते लाल औषध, दर एकवीस दिवसांनी, नंतर दर आठवड्याला एक असं बारा वेळा दुसरं. लाल औषध चढवलं की लघवीसुद्धा लाल होते. ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाही. उलट्यांची मात्र धास्ती होती, पण त्या गोळ्यांनी आटोक्यात राहिल्या. केस गेले, त्याचंही मन तयार होतं. झोपेचं कुणाला सांगावं असं मनातच आलं नाही. कॅन्सर झालेल्या बाईला झोप येत नाही, यात सांगण्यासारखं काय, असं मीच ठरवून टाकलं.

किमोनंतरच्या तीन-चार रात्री तर डोळ्याला डोळा लागायचा नाही. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की कळायचं, आणखी एक रात्र गेली. हे उठून उंडे पाव घ्यायला जायचे आणि मी तशीच बसलेली पाहून न बोलता चहा ठेवायचे.

त्याच सुमारास बोटीवर असलेला माझा भाचा सुट्टीवर आला. अमेरिकेच्या बंदरात एक जांभळी बाटली घेतलेली. जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या, एका गोळीत १० मिलिग्रॅम मेलाटोनिन. "मावशी, आम्ही सगळे घेतो, ड्यूटी बदलली की झोप लागत नाही ना." पोराने प्रेमाने आणलेलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बाईने मोबाइलवर एक निरोप पाठवला: मेलाटोनिन रोज २० मिलिग्रॅम घेतलं तर कॅन्सरच्या पेशी मरतात, डॉक्टर हे सांगत नाहीत. आता बाटली घरात आणि निरोप हातात. मी एकाच्या दोन गोळ्या केल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही, ह्यांना सांगितलं नाही, बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली. चाळीस मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई मी.

आठ दिवस घेतल्या. झोप लागली, पण ती कसली झोप! स्वप्नं इतकी लखलखीत की उठल्यावर दमायला व्हायचं. एकदा साहेब शाळा तपासायला आले आणि माझ्या टकलावर खडूने भागाकार करू लागले. सकाळी दहापर्यंत डोकं जड, जीभ जड. आठव्या दिवशी न्हाणीत तोल गेला आणि पितळी हंड्यावर गुडघा आपटला. हाड वाचलं. किमोत प्लेटलेट्स कमी असतात, त्यामुळे गुडघा वांग्यासारखा काळानिळा झाला आणि महिनाभर तसाच राहिला.

थोरली लेक पणजी शहरात फार्मसी शिकते. ती शनिवारी घरी आली, तांदूळ काढायला डबा ओढला आणि बाटली तिच्या पायावर पडली. तिने लेबल वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता बाटली स्वतःच्या बॅगेत घातली. रागावली असती तर बरं झालं असतं.

रात्री मात्र माझ्या खाटेवर बसून तिने सगळं सांगितलं. मेंदूत वाटाण्याएवढीही नसलेली एक ग्रंथी आहे, अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडते आणि उजेड दिसला की थांबते. "आई, हे गुंगीचं औषध नव्हे. ही रात्र झाल्याची दवंडी आहे. दवंडी एकदा पिटली काय आणि दहा वेळा पिटली काय, रात्र तेवढीच." अमेरिकेतल्या एरन लर्नर नावाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी ते १९५८ साली गाईगुरांच्या ग्रंथींतून वेगळं काढलं. कोडावर काही सापडतं का ते पाहत होते. बेडकाच्या कातडीवर टाकलं की कातडी उजळते, हा त्याचा गुण आधी कळला, झोपेचं नंतर. बाहेर ते बेडूक ओरडतच होते. मला इतकं हसू आलं की टाके ओढले गेले.

निरोपातल्या २० मिलिग्रॅमचं मूळही तिने शोधलं. आकडा अगदीच हवेतला नव्हता. १९९०च्या दशकात इटलीत किमोबरोबर रोज तेवढं मेलाटोनिन देऊन पाहिलं होतं आणि निकाल आशादायक आले होते. पण रुग्ण थोडे, आणि कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, हे झाकून ठेवलेलं नव्हतं. पुढे कॅनडात नीट झाकून प्रयोग झाला. फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले ७०९ जण, वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम किंवा बिनऔषधाची गोळी. २०२१ मध्ये निकाल छापून आला: दोन वर्षांनी कॅन्सर न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. माझा कॅन्सर फुप्फुसाचा नव्हे, हे मी तिला सुनावलं. "मग स्तनाच्या कॅन्सरचा असाच मोठा प्रयोग दाखव," ती म्हणाली. माझ्याकडे शेजारणीचा निरोप होता फक्त.

आणि एक. २०१७ साली कॅनडातच बाजारातली मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली होती. लेबलवर लिहिल्यापेक्षा कुठे ८३ टक्के कमी, कुठे ४७८ टक्के जास्त. आठांमध्ये तर सेरोटोनिन हे वेगळंच रसायन निघालं, ज्याचं नावही लेबलवर नव्हतं. म्हणजे मी २० घेत होते की आणखी किती, ते त्या जांभळ्या बाटलीलाच ठाऊक.

पुढच्या किमोला लेकच बरोबर आली. बाणस्तारीच्या पुलापासून मी मनात वाक्य जुळवत होते. सिस्टरने सुई टोचताना नेहमीसारखं विचारलं, "न्हीद येता मगे, बाय?" (झोप येते ना, बाई?) मी एरवी मान हलवायची. त्या दिवशी रडले.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन काढलं आणि विचारत गेले: किती दिवस, रोज किती, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, झोपेचं किंवा मनाचं दुसरं औषध? वॉरफरिन घेणाऱ्याला मेलाटोनिनने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तो प्रश्न आधी. मेलाटोनिनचा निचरा यकृतात होतो, म्हणून लिव्हरचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. मग माझ्या गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि एका पट्टीवर बोट ठेवलं. "ही कधी घेता?"

डेक्सामेथासोन. उलटीसाठी दिलेलं स्टिरॉइड, किमोनंतर तीन दिवस, दोन वेळा. मी नाश्त्यानंतर एक आणि रात्री जेवल्यावर एक घेत होते. स्टिरॉइड झोप उडवतं, आणि मी ते झोपायच्या तोंडावर घेऊन वर दवंडी पिटत होते. दुसरी गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, म्हणाले. बस्स, एवढंच. दीड महिना मी बेडूक मोजले ते एवढ्यासाठी.

मेलाटोनिनला त्यांनी सरळ नकार दिला नाही. झोपेसाठी ३ मिलिग्रॅमची साधी गोळी, किमोनंतरच्या रात्रींपुरती, झोपायच्या तासभर आधी. कॅन्सरसाठी म्हणून घेणार असाल तर नको. आणि चालू केलेलं काहीही आधी फाइलवर आलं पाहिजे. मग त्यांनी ते माझ्यासमोरच फाइलवर लिहिलं. इतक्या मोठ्या मोठ्या औषधांच्या खाली ते इवलंसं नाव पाहून मला उगाच हायसं वाटलं.

पणजीच्या फार्मसीतून गोळ्यांची पट्टी आणली. रात्री साडेनऊला गोळी, मग मालिका बंद, मोबाइल ह्यांच्याकडे, बाल्कांवातली (ओसरीवरची) ट्यूब विझवून झिरो बल्ब. मालिका सोडणं गोळी गिळण्यापेक्षा कठीण गेलं, हे कबूल करते. झोप सलग नाही, पण साडेचार-पाच तास लागायला लागली. त्यात डेक्साची वेळ बदलल्याचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे विचारू नका. लेकीच्या मते बराचसा डेक्साचा.

पुढच्या बारा किमो दर मंगळवारी. त्यात स्टिरॉइड तिथेच, औषधाआधी शिरेतून देतात, तेव्हा वेळ बदलायची सोय नाही. मंगळवारची रात्र मी सोडूनच दिली होती. गोळी घ्यायची, लागली तर लागली. नाहीतर ह्यांना उठवून गप्पा मारायच्या. लग्नाच्या पंचवीस वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो.

शेजारीण मध्यंतरी विचारत होती, किती मिलिग्रॅम घेतेस? तिच्या भावाला प्रोस्टेटचं निघालंय. मी तिला डेक्साची वेळ विचारून घे म्हटलं आणि त्याच्या डॉक्टरांचा वार कोणता ते विचारलं. तिला उत्तर फारसं पटलेलं दिसलं नाही.

किमो नोव्हेंबरात संपली, मग रेडिएशन झालं, गोळी बंद केली. आता टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर उलटू नये म्हणून दिलेली गोळी, चालू आहे. रात्री तीनला अंगातून एकदम वाफ निघाल्यासारखं होतं, उशी भिजते, मी उठून बसते. मेलाटोनिन पुन्हा सुरू करू का, म्हणून या वेळी आधी विचारलं. वाफांवर त्याचा भरवसा नाही, म्हणाले, आधी दुसरं पाहू. त्यावर पुढच्या शुक्रवारी बोलणार आहोत. शेत सध्या कोरडं आहे, बेडूक जमिनीखाली. तीनला जाग आली की फक्त पंख्याचा आवाज येतो.