तुम्ही विचारलंत म्हणून : बायबलमध्ये नाही ते कसं मानता?

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. हिंदू मैत्रिणी कुतूहलानं विचारतात, "तुमच्यात सगळं एकाच पुस्तकात आहे ना? मग तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालायचं, अमुक दिवशी उपास धरायचा, हे कुठून आलं?" माहेरची भावंडं विचारतात तेव्हा त्यात धार असते. ती आता एका नव्या प्रार्थना-संगतीत जातात. "ताई, बायबलमध्ये दाखव. दाखवता येत नसेल तर सोडून दे." मी वाढले नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळीत आणि लग्न होऊन आले वसईच्या कॅथोलिक घरात. त्यामुळे शास्त्र, म्हणजे बायबल, मोठं की आद्य मंडळीची, म्हणजे पहिल्या काही शतकांतल्या चर्चची, परंपरा मोठी, हा वाद आमच्याकडे जेवताजेवता होतो. एकदा सगळं नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं उत्तर आधीच सांगते. शेवटचा शब्द शास्त्राचा. परंपरेचं काम साक्षीदाराचं, आणि साक्षीदार न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नाही. पण हा साक्षीदार घटनेच्या सर्वांत जवळ उभा होता. त्याचं म्हणणं न ऐकता निकाल द्यायचा अधिकार मला कोणी दिला?

"बायबलमध्ये दाखव" म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा एवढंच विचारते, की नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, सत्तावीसच पुस्तकं आहेत हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय? ती यादी पुस्तकाच्या आत नाही. आज आपण छापतो ती नेमकी सत्तावीस नावं एकत्र सापडतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस यानं 367 साली ईस्टरच्या निमित्तानं मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात. त्याआधी इब्री लोकांस लिहिलेलं पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण यांच्याबद्दल ठिकठिकाणी वाद होते. चौथ्या शतकातलं एक हस्तलिखित, कोडेक्स सिनायटिकस, आजही जपून ठेवलेलं आहे. त्यात नव्या कराराच्या पाठोपाठ बर्णबाच्या नावाचं पत्र आणि 'हर्मासचा मेंढपाळ' ही दोन लिखाणं आहेत. आपल्या बायबलात ती नाहीत. म्हणजे कोणीतरी निवडलं, पारखलं, काही बाजूला ठेवलं.

ही पारख कशी चालायची याचा एक प्रसंग इतिहासकार युसेबियसनं नोंदवून ठेवला आहे. तो मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीला अंत्युखियाचा बिशप होता सेरापियन. त्याच्या देखरेखीखाली रोसस नावाचं किनाऱ्यावरचं गाव होतं. तो तिथे गेला तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याच्या नावावर असलेल्या एका शुभवर्तमानावरून, म्हणजे येशूच्या चरित्रावरून, मंडळीत कुरबुर चालू होती. एवढ्यावरूनच भांडण असेल तर वाचू द्या, असं सांगून तो परतला. पुस्तक त्यानं स्वतः वाचलेलं नव्हतं. पुढे कानावर आलं की ते पुस्तक पुढे करणाऱ्यांचा कल वेगळ्याच शिकवणुकीकडे आहे. मग त्यानं एक प्रत मिळवली, ती वाचली आणि रोससकरांना लिहिलं. बराचसा मजकूर खऱ्या शिकवणीला धरून आहे, पण काही गोष्टी वरून घातलेल्या आहेत, आणि त्या कोणत्या ते खाली देतो, असं त्यानं कळवलं. वर हेही लिहिलं, की पेत्राला आणि इतर प्रेषितांना आम्ही ख्रिस्तासारखंच मानतो, पण त्यांच्या नावावर खपवलेली लिखाणं आम्ही नाकारतो, कारण तशी लिखाणं आमच्या हाती सोपवलेली नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे.

'हाती सोपवलेली नाहीत'. निकष हा आहे. पण सेरापियन तेवढं म्हणून थांबला नाही. त्यानं पुस्तक उघडून वाचलं, बरं-वाईट वेगळं केलं आणि कारणं दिली. परंपरेचा अधिकार मला मान्य होतो तो असा. नुसतं "आमच्या वाडवडिलांनी सांगितलंय" एवढ्यावर तो उभा नाही.

कारण वाडवडिलांच्या नावानं काय काय चालतं ते येशूनंच सांगून ठेवलंय. मार्कच्या सातव्या अध्यायात तो परूश्यांना, म्हणजे नियमांना काटेकोर असलेल्या यहुदी पुढाऱ्यांना, खडसावतो, की 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं असं म्हणून आईबापांना द्यायचं ते तुम्ही अडवून धरता आणि आपल्या रूढीनं देवाचं वचन रद्द करता. भावंडं हा उतारा मला नेहमी ऐकवतात आणि तो त्यांनी ऐकवावाच. पण प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, की तोंडी असो की पत्रानं, जे तुम्हाला सोपवलं ते घट्ट धरा. हेही त्याच बायबलमध्ये आहे. करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनाबद्दल सांगताना पौल म्हणतो, मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. पहिलं शुभवर्तमान लिहिलं जाण्याच्या आधीची ही गोष्ट. मंडळी जमत होती, भाकर मोडत होती, बाप्तिस्मा देत होती, आणि मत्तय, मार्क, लूक, योहान अजून कागदावर यायचे होते.

आता ज्या वादामुळे माझं मत पक्कं झालं, त्याकडे येते. तो कार्थेजचा आहे, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या आजच्या ट्युनिशियातला.

250 साली रोमी सम्राट डेशियसचा हुकूम निघाला. प्रत्येकानं देवतांना अर्पण करायचं आणि तसा दाखला घ्यायचा. पुष्कळ ख्रिस्ती लोक घाबरले, त्यांनी दाखले घेतले. छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यायचं का, यावर रोममध्ये फूट पडली. नोव्हेशियन नावाचा कडक माणूस परत घ्यायचं नाही म्हणून वेगळा निघाला, स्वतः बिशप झाला, त्याचे लोक बाप्तिस्मा देऊ लागले. काही वर्षांनी त्यांच्याकडे बाप्तिस्मा झालेली माणसं मूळ मंडळीच्या दारात येऊ लागली. त्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा की झालेला चालतो?

कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, द्यायचा. इफिसकरांच्या पत्रात एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा असं लिहिलंय. तो एक बाप्तिस्मा एकाच मंडळीजवळ आहे. बाहेर जे झालं ते नुसतं पाणी. रोमचा बिशप स्टीफन म्हणाला, नाही. आमच्याकडे चालत आलंय तसं करा, डोक्यावर हात ठेवा आणि आत घ्या. जे सोपवलं गेलंय त्यापलीकडे नवं काही आणू नका. सिप्रियननं उत्तर दिलं, सत्याला सोडून असलेली रूढी म्हणजे जुनी झालेली चूक. पाटाचं पाणी अचानक आटलं तर माणूस उगमाकडे जाऊन बघतो, तसं आपणही उगमाकडे, शास्त्राकडे जायला हवं. 1 सप्टेंबर 256 रोजी कार्थेजला 87 बिशप जमले आणि एकेकानं उठून आपलं मत दिलं. ती नोंद आजही वाचता येते. त्यातला एक जण म्हणतो, प्रभू शुभवर्तमानात 'मी सत्य आहे' म्हणाला, 'मी रूढी आहे' असं म्हणाला नाही.

वाचताना मन सिप्रियनकडेच ओढ घेतं. मी ज्या मंडळीत वाढले तिथल्या कोणत्याही पाळकसाहेबांच्या तोंडी शोभेल असं त्याचं बोलणं आहे. शिवाय दोन वर्षांनी, 14 सप्टेंबर 258 रोजी, त्यानं विश्वासासाठी मान दिली. स्टीफनचं वागणं मात्र ताठ होतं. आफ्रिकेहून आलेल्या बिशपांना त्यानं भेटसुद्धा दिली नाही, अशी तक्रार कप्पदुकियाच्या फर्मिलियननं पत्रात केली आहे. आणि परंपरा एकट्या रोमकडेच होती असंही नव्हतं. पुन्हा बाप्तिस्मा देण्याची चाल आफ्रिकेतही आधीच्या पिढीपासून होती, आशिया मायनरमध्येही होती.

तरी पुढच्या मंडळीनं स्टीफनचं ऐकलं. 314 साली आर्लला, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं आफ्रिकेला सांगितलं, की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा झाला असेल तर फक्त हात ठेवा. त्यामागचं नीट कारण सांगायला मात्र आफ्रिकेचाच बिशप ऑगस्टीन यावा लागला, साधारण 400 साली. त्याचं म्हणणं असं, की बाप्तिस्म्याचा धनी ख्रिस्त आहे, देणारा माणूस नाही. पेत्र देवो की येशूला दगा देणारा यहूदा देवो, बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्तच. आणि हे सगळं योहानाच्या पहिल्या अध्यायात आहे. "तुमचा बाप्तिस्मा पौलाच्या नावानं झाला का?" या पौलाच्या प्रश्नातही आहे. शास्त्रात ते होतंच. सिप्रियनसारख्या शास्त्र कोळून प्यालेल्या माणसाला ते दिसलं नाही. रोमच्या साध्या चालीनं ते दीडशे वर्षं जपलं, कारण कोणालाही धड सांगता येत नसताना.

परंपरेबद्दल मला जे म्हणायचंय ते हे. शास्त्राचा एखादा अर्थ कधीकधी आधी लोकांच्या वागण्यात टिकतो आणि तो मांडणारा माणूस पुढे जन्माला येतो.

पण त्याच ऑगस्टीननं, बाप्तिस्म्यावरच्या आपल्या ग्रंथात, दुसरी बाजूही लिहून ठेवली. शास्त्राबद्दल शंका घ्यायची सोय नाही, बिशपांची पत्रं मात्र चुकू शकतात आणि ती सुधारता येतात. मोठमोठ्या परिषदासुद्धा पुढच्या परिषदा दुरुस्त करतात. सिप्रियन त्याचा आदर्श, आपल्या आफ्रिकेचा हुतात्मा, तरी तो इथे चुकला असं त्यानं म्हटलं, प्रेमानं आणि स्पष्ट. सोळाव्या शतकात 'फक्त शास्त्र' म्हणणारा ल्यूथर आणि परंपरेलाही तोच मान देणारी 1546 ची कॅथोलिकांची ट्रेंटची परिषद दोन टोकांना जाऊन उभी राहिली, तेव्हा ऑगस्टीनमधलं एकेक वाक्य दोघांनीही आपापल्या बाजूला ओढलं. मला तो सगळा हवा आहे.

हे माझ्यासाठी नुसतं पुस्तकी नाही. लग्न ठरलं तेव्हा वसईच्या चर्चच्या ऑफिसात फादरांनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. आईनं नगरहून आणलेला, घडीवर फाटायला आलेला कागद त्यांनी टेबलावर सपाट केला, तारीख आणि पाळकांची सही पाहिली, पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव एवढं विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. पुन्हा बाप्तिस्मा घे असं कोणी म्हणालं नाही. नगरच्या मंडळीत झालेलं वसईत धरलं गेलं. स्टीफनच्या आग्रहाचं फळ ते हे.

आणि माझ्या चुलतभावाला नव्या संगतीत सांगण्यात आलं, की तुझं लहानपणचं ते काही खरं नव्हतं. तो नदीत उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला. काकू त्याला एवढंच म्हणाली, "मग तुला मांडीवर घेऊन आम्ही देवासमोर उभे होतो, ते काय होतं?" त्यानं माझ्याकडे बायबलमधलं वचन मागितलं. मी त्याला खरं तेच सांगितलं. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नव्या करारात नाव घेऊन कुठे सांगितलेला नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात लुदिया नावाच्या बाईच्या आणि एका तुरुंगाच्या नायकाच्या घरादाराचा सांगितलाय, त्यात बाळं होती का ते लिहिलेलं नाही. इ. स. 200 च्या सुमाराला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन म्हणतो, मुलांची घाई करू नका. म्हणजे तेव्हा ती चाल होती, आणि तिला हरकत घेणाराही होता. पन्नास वर्षांच्या आत ओरिजेन हा पंडित म्हणतो, ही चाल प्रेषितांपासून आली. इथे साक्षी जुळत नाहीत, म्हणून मी हट्ट धरत नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन झालं तेव्हा मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि बाळांनाही देणारे अँग्लिकन एकाच मंडळीत आले, आणि बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. ते शहाणपणाचं झालं. पण एकदा ख्रिस्ताच्या नावानं झालेलं पुसून टाकायचं, याला मी तयार नाही. कार्थेजचं जे मत शेवटी हरलं ते नदीकाठी पुन्हा कशाला जिंकवायचं?

माझा निकष जिथे सर्वांत जास्त ताणला जातो ती जागाही सांगते, कारण तीही तुम्ही विचारता. आमच्या माहेरच्या सी.एन.आय.मध्ये स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा मिळते. सासरच्या चर्चमध्ये मिळत नाही, आणि परंपरेचं वजन तिथे त्यांच्या बाजूला आहे, हे मी नाकारत नाही. भावंडं परंपरा मानत नाहीत, पण इथे बाईनं शिकवू नये असं सांगणारा तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढून तीही सासरच्यांच्या शेजारी जाऊन बसतात. मी त्यांना रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय वाचायला सांगते. तिथे पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो. इ. स. 112 च्या सुमाराला बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी सम्राटाला कळवतो, की ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी मी दोन दासींचा छळ केला, त्यांना ते लोक सेविका म्हणतात. त्या दोघींची नावं त्यानं लिहिली नाहीत. पण त्या मंडळीबद्दल बोलायला सुभेदारानं त्यांनाच धरलं होतं, आणि आद्य मंडळीची साक्ष काढायचीच तर त्या दोघींचीही काढा असं मी सासऱ्यांना म्हणते. ते अजून मानत नाहीत. आमचं बोलणं चालू आहे.